‘क्रॅश बॉक्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (मकरपुरा, वडोदरा): मंडळाच्या दिवाळी अंकासाठी गाड्यांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिते आहे. बंपर आणि साइड मेंबर (गाडीच्या सांगाड्याचा लांबीच्या दिशेचा कडेचा दांडा) यांच्यामध्ये धडकेची ऊर्जा घेणाऱ्या पातळ पत्र्याच्या दोन नळ्या असतात, त्यांना कारखान्यात आम्ही ‘क्रॅश बॉक्स’ म्हणतो. ‘ऊर्जाशोषक चेपनळी’ चालेल का?

उत्तर (दांडिया बाजार): ताई, ‘चेप’ नको. डबा चेपला म्हणजे कडेला पोचा आला, आपल्या बडोद्याच्या बोलीत गोबा. इथे जोर टोकावर, लांबीच्या दिशेने येतो आणि पत्र्याला हार्मोनियमच्या भात्यासारख्या एकामागून एक घड्या पडतात. १९६० साली अलेक्झांडर या संशोधकांनी गोल नळीच्या या घड्यांचे गणित मांडले. म्हणून ‘घडीनळी’. आणि ‘वाकणे’ हे क्रियापद जपून वापरा. लांब, सडपातळ नळी मधोमध वाकली की तिचा विरोध एकदम ढासळतो, बरीचशी लांबी वायाच जाते. डिझाइनची निम्मी धडपड हे टाळण्यासाठी असते.

उत्तर (रावपुरा): मला ‘शोषक’ खटकतो. शोषलेले पिळून परत काढता येते, आणि स्प्रिंगही ऊर्जा घेते पण उलट फेकते. घडी पडलेला पत्रा परत सरळ होत नाही. ऊर्जा बहुतांश उष्णता होऊन जाते. त्याला आपल्याकडे ‘जिरवणे’ हे नेमके क्रियापद आहे. १००० किलोच्या गाडीची ताशी १५ किमीला गतिज ऊर्जा साधारण ८.७ किलोज्यूल असते, ताशी ६४ किमीला १५८. पहिली क्रॅश बॉक्सने जिरवावी, म्हणजे नळ्या बदलून भागते, साइड मेंबर शाबूत राहतो. दुसरीला गाडीचा सगळा पुढचा भाग कामाला लागतो. हे दोन्ही आकडे लेखात जरूर द्या.

प्रश्नकर्ती: ‘ऊर्जा जिरवणारी घडीनळी’ घेते. आता ‘ट्रिगर’? पुढच्या टोकाजवळ पत्रा मुद्दाम दाबलेला असतो, पहिली घडी तिथेच पडावी आणि सुरुवातीचा बलाचा उंच झटका खाली यावा म्हणून.

उत्तर (दांडिया बाजार): कापलेले असेल तर ‘खाच’, नुसते दाबलेले असेल तर ‘चुणी’. ‘क्रॅश बॉक्स’ मात्र काढू नका, शेजारीच ठेवा. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली निघालेल्या ‘शासनशब्दकल्पतरू’ या राज्यकारभाराच्या शब्दकोशातही एकाच संज्ञेपुढे अनेक भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले होते. वर्कशॉपमधल्या माणसाला लेख वाचताना आपली वस्तू ओळखू यायला हवी.