क्लासिक ३५० की स्पीड ४००? मासिकांच्या टेस्टवर भरवसा किती ठेवायचा?

खंबाटकी_रिटर्न
नमस्कार मंडळी, सातारा-पुणे जाणं-येणं असतं, बहुतेक वीकेंडला, मागे बायको आणि एक सॅक. उंची पाच फूट पाच. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आणि ट्रायम्फ स्पीड ४०० यात अडकलोय. मित्राकडून बाइक मासिकांचे जुने अंक आणून वाचले, व्हिडिओ पण बघून झाले आणि आता जास्तच गोंधळ झालाय, एक म्हणतो इंजिन एकदम स्मूथ, दुसरा त्याच गाडीला म्हणतो वरच्या रेव्जला (इंजिन जोरात फिरताना) हात झिणझिणतात. मायलेज तर कुणाचं कुणाशी जुळत नाही. हे लोक पैसे घेऊन लिहितात का मलाच वाचता येत नाहीये?

डबलसीट
पानभर जाहिरात ज्याची त्याच गाडीला साडेचार स्टार. अजून काय सांगू. शोरूमला जा, चालव, घे.

रद्दीवाला_नको
डबलसीट भाऊ, जाहिराती असतात हे खरंय पण सगळं एका मापात मोजू नका राव. ओव्हरड्राइव्ह १९९८ ला आलं, ऑटोकार इंडिया १९९९ ला, पुण्यातून बाइक इंडिया निघतं, मी यातलं बरंच जपून ठेवलंय (घरच्यांचा विरोध पत्करून). सीबीझेड की पल्सर, कुठली बाइक भारी यावर आमच्या कट्ट्यावर भांडणं व्हायची तेव्हा हेच अंक पुरावा म्हणून काढले जायचे.

आता मुद्द्याचं. आधी बघायचं की लेख कसला आहे. फर्स्ट राइड असेल तर ती बहुतेक वेळा कंपनीनेच बोलावून दिलेली असते, चाकणच्या टेस्ट ट्रॅकवर नाहीतर चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर, तास-दोन तास. तिथे ना खड्डा, ना ट्रॅफिक, ना मागे कुणी बसलेलं. त्यातून इंजिन कसं ओढतं, ब्रेक कसे आहेत एवढं कळतं, बास. रोड टेस्ट म्हणजे गाडी काही दिवस ताब्यात घेऊन मोजमाप. आणि तुमच्या कामाचं म्हणजे लाँग टर्म रिपोर्ट, गाडी कित्येक महिने ऑफिसात राहते, चारपाच जण आळीपाळीने चालवतात, पावसात भिजते, सर्व्हिसचं बिल येतं. चेन कधी सैल झाली, आरसे कधी हलायला लागले हे तिथेच छापून येतं, कव्हरवर नाही.

दुसरं, भाषा जरा सांभाळून असते. "मागच्या सीटवर छोट्या अंतरासाठी ठीक" असं लिहिलं की समजायचं बायको शिरवळला उतरून चहा मागणार. आणि जुन्या अंकातल्या किमती सोडून द्या, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के झालाय आणि ३५० च्या वरच्यांना ४०, म्हणजे त्या वेळची किमतीची तुलनाच बाद. क्लासिक ३४९ सीसी, म्हणजे १८ मध्ये. स्पीड ३९८, म्हणजे ४० मध्ये. आजचं ऑन-रोड कोटेशन दोन्हीकडून लेखी घ्या.

शून्य_ते_साठ
मायलेजचं सांगतो. कंपनी जो आकडा सांगते तो लॅबमध्ये गाडी रोलरवर ठरलेल्या सायकलने (वेग कमी-जास्त करायचा ठरीव क्रम) पळवून काढलेला असतो, पूर्वीच्या इंडियन ड्रायव्हिंग सायकलमध्ये तर कमाल वेग फक्त ताशी ४२ किमी होता, तुम्ही हायवेवर ४२ ने जाता का? मासिकवाले टाकी काठोकाठ भरतात, शहरात आणि हायवेवर वेगवेगळं फिरवतात, परत काठोकाठ भरतात आणि भागाकार करतात. पण टेस्ट रायडर अॅक्सिलरेटर पिळतो, त्यामुळे त्यांचा आकडा कमी येऊ शकतो. एकाच मासिकाने दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी चालवल्या असतील तर त्यातला फरक धरा, नुसता आकडा नको.
वेगाचं पण तसंच, ते व्हीबॉक्स नावाचं जीपीएसवालं यंत्र लावून मोजतात. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी दाखवायचं नाही असा नियमच आहे म्हणून सगळे थोडं जास्त दाखवतात. मित्राची १३० पळाली म्हणजे काट्याची १३०.
बाकी क्लासिकची ताकद २० बीएचपी आणि वजन १९५ किलो, स्पीड जवळपास ४० बीएचपी आणि १८० किलोच्या आत. क्लासिकचा टॉर्क (ओढण्याचा जोर) २७ एनएम आहे पण चार हजार आरपीएमलाच, म्हणजे इंजिन फार न फिरवता मिळतो, घाटात गिअर न पाडता आरामात चढते. १०० च्या वर मात्र ओव्हरटेक करताना जीव खाते, दोघं असाल तर जास्तच. हायवेला मी स्पीडच म्हणेन.

मागची_सीट
दादा, एवढं सगळं झालं पण मागे बसणारीला कुणी विचारलं का? टेस्ट करणारे एकटेच चालवतात आणि मग मागच्या सीटबद्दल एक ओळ. आम्ही घेताना मीच मागे बसून अर्धा तास फिरले. फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) वर असतील तर गुडघे दुमडून पाय आखडतात, पकडायला ग्रॅब रेल नीट आहे का बघा, आणि स्पीडब्रेकरवरून मुद्दाम न्यायला सांगा, सेल्समन नको म्हणाला तरी. उंचीचं म्हणाल तर दोन्ही सीट ८०० मिमीच्या आसपास, पण सीटची रुंदी पण धरा, पाय फाकतात.

डबलसीट
ताईंना अनुमोदन. नाव माझं डबलसीट आणि मुद्दा त्यांनी काढला 😀

खंबाटकी_रिटर्न
आभारी आहे सगळ्यांचा. रविवारी दोघं मिळून दोन्ही शोरूमला जातोय, सॅकसकट. फर्स्ट राइडवाले अंक परत दिले, लाँग टर्मचे ठेवून घेतलेत. आता एकच, स्पीडची सर्व्हिस पहिली १००० ला झाली की मग थेट १६,००० किमी किंवा वर्ष, ती मोठी सर्व्हिस कुणाची झालीय का? बिल किती आलं आणि त्यात चेनकिटचं (चेन आणि तिची दातेरी चाकं) काय निघालं?