मदत हवी आहे: स्वयमच्या कोर्सचं क्रेडिट कॉलेजात कसं मिळवायचं?
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने स्वयमवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एनपीटेलचा, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांच्या उपक्रमाचा, १२ आठवड्यांचा कोर्स घेतलाय. गावात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी येते, त्यात ३ असाइनमेंट हुकल्या. १२ पैकी सर्वोत्तम ८ धरतात, म्हणून ती काळजी नाही. धाकधूक पुढची आहे. असाइनमेंटचे २५, केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ धरून ती पास झाली, तरी कॉलेज क्रेडिट देईल का? यूजीसीच्या २०२१च्या नियमांत एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करायची मुभा आहे, पण ऑफिसात विचारलं की "नंतर बघू" म्हणतात. परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी लेखी काय घ्यावं? अर्ज प्राचार्यांकडे द्यायचा की विभागप्रमुखांकडे? ज्यांना क्रेडिट मिळालंय त्यांनी प्लीज सांगा. पोरगी रोज रात्री टाकीपाशी बसून अभ्यास करतेय हो.