फरसबी आणि संत्र्याच्या कोशिंबिरीत शेंगांचा हिरवा रंग कसा टिकवावा?

प्रश्न: इंदिरानगरकर

नमस्कार. गेल्या रविवारी आमच्याकडे सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त बावीस माणसांचे जेवण होते. त्यांना आंबटगोड चव फार आवडते आणि सध्या नाशिकच्या बाजारात नागपुरी संत्री मुबलक आहेत, म्हणून नेहमीच्या काकडीच्या कोशिंबिरीऐवजी फरसबी आणि संत्र्याची कोशिंबीर करायचे ठरवले. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून दीड किलो फरसबी आणली. शेंग मोडली की कट्कन आवाज होत होता, इतकी ती कोवळी होती.

रविवारी सकाळी शेंगा निवडल्या, कुकरमध्ये एक शिट्टी काढून वाफवल्या आणि दहाच्या सुमारास आमच्या जुन्या पितळी पातेल्यात काढून त्यांवर संत्र्यांचा आणि दोन लिंबांचा रस, मीठ, साखर व मिरेपूड घातली. संत्र्यांचा रस मी मिक्सरमधून बियांसकट काढून गाळला होता. वर सोललेल्या फोडी पसरल्या आणि पातेले झाकून ठेवले. साडेबाराला वाढायला झाकण काढले, तेव्हा शेंगा चक्क खाकी झाल्या होत्या, तळाशी वाटीभर पाणी साचले होते आणि रसाला मागाहून जाणवणारा कडवटपणा आला होता. कोणी काही बोलले नाही, पण पानांवर कोशिंबीर तशीच उरली, आणि ज्यांच्यासाठी ती केली त्यांनीही एकच घास घेतला, याचे मला फार वाईट वाटले.

रंग का गेला, पाणी का सुटले आणि कडवटपणा कुठून आला, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. शेजारच्या काकूंनी शेंगा उकडताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालायला सांगितले आहे. तो घालावा का?

उत्तर: पंचवटीकर

नमस्कार ताई. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पानांना आणि शेंगांना हिरवेपणा देणाऱ्या हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्लाच्या सहवासात हा मॅग्नेशियम निसटतो, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि तो झळझळीत हिरवा रंग मातकट, शेवाळी होतो. कच्च्या शेंगेत हरितद्रव्य आणि पेशीतील आम्लरस वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. उष्णतेने हे कप्पे फुटले की दोन्ही एकत्र येतात. म्हणजे कच्च्या शेंगेवर लिंबू पिळले तर फारसे बिघडत नाही, पण शिजलेल्या शेंगेवर पिळले की दहा-वीस मिनिटांत फरक दिसू लागतो. आपल्या शेंगा त्या रसात अडीच तास होत्या. संत्रे जिभेला गोड लागले तरी त्याचा रस आम्लधर्मीच असतो, म्हणून लिंबू वगळून नुसते संत्रे घातले असते तरी रंग गेलाच असता, फक्त थोडा उशिरा.

खरे तर नुकसानीची सुरुवात कुकरमध्येच झाली. भाजी शिजू लागली की तिच्यातून बाष्पशील आम्ले बाहेर पडतात. उघड्या पातेल्यात ती वाफेबरोबर निघून जातात आणि उरलेली भरपूर पाण्यात विरळ होतात. बंद कुकरमध्ये ती शेंगांभोवतीच कोंडली जातात, शिवाय तिथले तापमानही जास्त असते. उकळत्या पाण्यातच लिंबू पिळण्याची सूचना काही जण करतात, तीही पाळू नये. आम्लामुळे रंग तर जातोच, पण शेंगेच्या भिंतींमधले, पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिनही लवकर सुटत नाही, त्यामुळे शेंग कितीही उकळली तरी चिवट राहते.

सोड्याने रंग हिरवागार होतो हे खरे आहे, कारण सोडा आम्लाला निष्प्रभ करतो. मात्र त्याच अल्कलीमुळे शेंगेच्या भिंती विरघळू लागतात, शेंग बुळबुळीत होते आणि ब-१ व क जीवनसत्त्वांचा नाश होतो. नंतर त्यावर संत्र्याचा रस ओतायचाच असेल, तर आधी सोडा घालणे म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. मी तो घालणार नाही.

पितळी पातेल्याविषयी आवर्जून सांगतो. कल्हई झिजलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या आज्या सांगत आल्या. तांबे आणि जस्त रसात उतरते आणि ते पोटाला चांगले नाही. आपले पातेले जुने असेल तर त्याची कल्हई आधी तपासून घ्यावी. अशी कोशिंबीर काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच कालवावी.

उत्तर: सिडकोतील अन्नपूर्णा

ताई, मी घरून जेवणाच्या ऑर्डर घेते आणि थंडीच्या दिवसांत ही कोशिंबीर दर आठवड्याला करते. वरचे शास्त्र वाचल्यावर माझ्या हाताला लागलेल्या सवयींची कारणे मला आज समजली.

दीड किलो शेंगा एकदम कधीही उकडू नका. मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी खळखळ उकळवून त्यात दोन मोठे चमचे मीठ घालते आणि एका वेळी अर्धा किलोच शेंगा सोडते, कारण जास्त शेंगा पडल्या की पाण्याची उकळी बसते आणि ती परत येईपर्यंत शेंगा नुसत्या कोमट पाण्यात पडून राहतात. झाकण ठेवायचे नाही. बारीक शेंगेला चार मिनिटे, जाड शेंगेला पाच-सहा. घड्याळापेक्षा दातावर भरवसा ठेवा: एक शेंग काढून चावून पाहा, दाताखाली करकर वाजली तर ती अजून कच्ची आहे, सहज तुटूनही ताठ राहिली तर झाली. लगेच चाळणीत काढून बर्फाच्या पाण्यात टाका, नाहीतर स्वतःच्या उष्णतेने ती शिजतच राहते. गार झाल्यावर मात्र पाण्यात ठेवू नका. स्वच्छ पंचावर पसरून अगदी कोरड्या करा. तुमच्या तळाशी साचलेल्या पाण्यातले थोडे तरी ओल्या शेंगांचे असणार. बाकीचे मीठ आणि साखर यांनी फोडींतून ओढून काढलेले.

आता संत्र्याविषयी, कारण माझ्या मते या कोशिंबिरीची खरी चव रसात नसून सालीत आहे. सालीतल्या तेलात सगळा सुवास असतो आणि त्यात आंबटपणा नसतो, त्यामुळे ते शेंगांना आधीपासून लावून ठेवले तरी रंगाला धक्का लागत नाही. संत्रे कोमट पाण्यात चोळून धुवावे, पुसावे आणि सोलण्याआधीच बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवावे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे ती किसणीखाली सरकते. फळ मुठीत घट्ट धरून किसणीच फळावरून फिरवली तर जमते. केशरी भाग तेवढा घ्यायचा, पांढरा लागला की कडू झालेच. मोसंबीची साल घट्ट बसलेली असते, त्यामुळे नवख्या हाताला ती सोपी. हा कीस दोन चमचे घाण्याच्या शेंगदाणा तेलात बोटांनी चोळून अर्धा तास ठेवते आणि ते तेल कोरड्या शेंगांना सकाळीच लावून टाकते. झाकण उघडले की आधी संत्र्याचा वास येतो, मग शेंगा दिसतात.

कडवटपणा तुमच्या मिक्सरमुळे आला. बिया आणि पांढरे पापुद्रे भरडले गेले की त्यांतला कडू अंश रसात उतरतो, आणि असा रस ठेवला की तासाभरात आणखी कडू होत जातो. बिया काढून हातानेच पिळा, तोही वाढण्याच्या वेळेला. फोडींच्या पाकळ्यांवरचे पातळ साल सुरीने काढून त्या चाळणीत निथळत ठेवा. खाली जो रस जमेल त्यातच अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, मिरेपूड आणि चिमूटभर मोहरीची पूड घालून घोटून घ्या; हे मिश्रण वेगळ्या वाटीत राहू द्या. पाने मांडून झाली, पहिला भात वाढला गेला, की मग कालवायचे. दाण्याचे कूट अगदी शेवटी घाला, म्हणजे उरलासुरला रस ते धरून ठेवते आणि ताटात ओघळ जात नाही. जिरे-मिरचीची फोडणी द्यायची असेल तर ती पूर्ण गार झाल्यावरच ओता.

एक बारीकशी सूचना. बाजारात घेवडा मागितला तर पुष्कळदा चपटी वालपापडी हातात पडते आणि ती या प्रकाराला चालत नाही. फरसबी किंवा श्रावणघेवडा असेच सांगावे.

उत्तर: गंगापूर रोडचा डबेवाला बाबा

मी दोन मुलांचे डबे रोज सकाळी भरतो, म्हणून थोडे वेगळे मत नोंदवतो. पंगतीत रंग महत्त्वाचा, हे मान्य. परंतु डब्यासाठी मी शेंगा मुद्दाम गरम असतानाच मोसंबीच्या रसात आणि तेलात कालवतो, कारण गरम शेंग आंबटगोड चव आतपर्यंत शोषून घेते, आणि चार तासांनी ती रंगाने फिकी पण चवीने जास्त मुरलेली असते. माझी मुलगी वरून लावलेल्या रसापेक्षा ही मुरलेली शेंग आवडीने खाते. घरच्यांनाच वाढायचे असेल, तर खाकी रंगाला इतके घाबरू नये असे मला वाटते.

मात्र रंग टिकावा म्हणून शेंगा कच्च्या ठेवण्याची चूक कोणी करू नये. फरसबी ही राजम्याच्याच जातीची वेल आहे, आणि कच्च्या शेंगेत लेक्टिन नावाचे द्रव्य असते, ज्याने उलट्या आणि पोटदुखी होऊ शकते. ते नीट उकडल्यावरच निकामी होते. लहान मुलांना आणि वृद्धांना तर पूर्ण शिजलेलीच शेंग द्यावी.

उत्तर: औषधविक्रेता, नाशिकरोड

घरात ज्येष्ठ मंडळी आहेत म्हणून लिहितो. काही जण या कोशिंबिरीत संत्र्याऐवजी पपनस किंवा ग्रेपफ्रूट घालतात आणि ते लागतेही छान. पण या दोन फळांतील काही द्रव्ये आतड्यातील, औषधांचे विघटन करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) निकामी करतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलसाठीच्या सिमव्हास्टॅटिनसारख्या आणि रक्तदाबासाठीच्या फेलोडिपिनसारख्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढू शकते. हा परिणाम एक दिवसाहून अधिक टिकतो, म्हणून गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी अशी युक्ती उपयोगी पडत नाही. अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच पपनस खावे. आपली नागपुरी संत्री आणि मोसंबी यांबाबत ही अडचण नाही.

पुन्हा: इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल अर्धा किलो फरसबी आणून अन्नपूर्णाताईंच्या पद्धतीने करून पाहिली. चौथ्या मिनिटाला चावलेली शेंग करकरली, पाचव्याला झाली. सालीचे तेल लावून दोन तास झाकून ठेवलेल्या शेंगा जशाच्या तशा हिरव्या होत्या. परीक्षा म्हणून त्यांतल्या मूठभर शेंगा वेगळ्या वाटीत काढून त्यांवर आधीच लिंबू पिळून ठेवले होते. अर्ध्या तासात दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्यावर फरक लांबूनही ओळखू येत होता.

किसताना पहिल्या संत्र्याला पांढरा भाग लागला, तो कीस टाकून दिला आणि दुसऱ्यापासून हात बसला. पातेले आज भांडीबाजारात कल्हईला दिले आहे. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीचे नावही पाहून घेतले, आणि पपनसाचा विचार सोडून दिला. काल रात्री त्यांनी कोशिंबीर दुसऱ्यांदा मागून घेतली.