स्टोअरच्या यादीत ५ स्पेअर मोटरी, बसवण्याजोगी एकच

नंदेसरी_शिफ्ट
१५ किलोवॅट, ४ पोल, १६० फ्रेमच्या एकसारख्या १४ मोटरी पंपांवर आहेत. वर्षाला साधारण १० उतरतात, निम्म्या बेअरिंगसाठी, निम्म्या जळून. यादीत ५ स्पेअर आहेत. प्रत्यक्षात २ जळक्या, १ रिवाइंडिंगला (तार नव्याने गुंडाळायला) गेलेली, १ बेअरिंग काढून ठेवलेली आणि १ तयार. दुरुस्तीला ३५ दिवस धरतो. मॅनेजर म्हणतात आणखी २ नव्या घ्या. मंडळी, नेमक्या किती ठेवायच्या?

मेगर५००
घेऊ नका, आधी ते ३५ दिवस तपासा. ५ पैकी ४ अडकल्यात आणि वर्षाला १० उतरतात. ४ × ३६५ ÷ १० = १४६. एका दिवसाच्या मोजणीवर पक्कं बोलता येत नाही, पण नेहमीचं चित्र हेच असेल तर तुमचा फेरा जवळजवळ पाच महिन्यांचा आहे. ३५ दिवस वर्कशॉपचे असतील. मोजायचं ते मोटर पंपावरून उतरल्यापासून ती रॅकवर तयार होईपर्यंत. मधला वेळ शेडच्या कोपऱ्यात आणि कोटेशनवरच्या सहीत जातो.

पॉयसाँचा (अधूनमधून अचानक घडणाऱ्या गोष्टींच्या शक्यतेचा) हिशेब लावला तर १४६ दिवसांच्या फेऱ्यात ५ स्पेअर असताना ऐन वेळी तयार मोटर मिळण्याची शक्यता ६३ टक्के. २ नव्या घेतल्यात तर ८९. आणि फेरा खरोखर ३५ दिवसांवर आणलात तर आहेत त्या ५ मध्ये ९९ च्या वर, ३ असत्या तरी ९३.

खिडकी_दोन
स्टोअरच्या बाजूने सांगतो. यादी चुकते कारण एकाच कोडखाली चांगली आणि जळकी दोन्ही मोजली जातात. सॅप (स्टोअर-हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल तर स्प्लिट व्हॅल्युएशन, म्हणजे एकाच कोडचे वेगळे भाग, लावा: सी१ नवी, सी२ दुरुस्त केलेली, सी३ खराब. दुरुस्तीची ऑर्डर सॅपच्या आयडब्ल्यू८१ स्क्रीनमधून काढा. रीऑर्डरच्या हिशेबात सी३ येता कामा नये. सॅप नसेल तर फळ्यावर तीन रांगा खिळे आणि प्रत्येक मोटरचा पत्र्याचा बिल्ला, काम तेवढंच होतं. कागदी बिल्ला ग्रीसमध्ये वाचता येत नाही.

खिडकीवर नियम एकच: जुनी द्या, तयार न्या. जुनीच्या टॅगवर सीरियल नंबर, पंप नंबर, उतरवल्याची तारीख आणि लक्षण हवं. नुसतं ‘खराब’ लिहिलेलं परत पाठवायचं. ‘ड्राइव्ह एंडला आवाज’ (म्हणजे पंपाकडच्या टोकाला) लिहिलं असेल तर कारीगर वाइंडिंग उगाच उकलत नाही.

माल बाहेर जाताना रिटर्नेबल गेट पास आणि डिलिव्हरी चलन, तीन प्रती. जीएसटी कायद्यात जॉबवर्कच्या (बाहेरून करून घ्यायच्या कामाच्या) कलम १४३ मध्ये माल परत आणायला इनपुटला १ वर्ष आणि भांडवली मालाला ३ वर्षं मुदत आहे. आपली मोटर कशात बसते ते अकाउंट्सकडून आधी ठरवून घ्या. आणि दिवाळी ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) मकरपुऱ्यात, म्हणजे वडोदऱ्याच्या वर्कशॉपवाल्या भागात, शटर बंद असतात. त्या आठवड्यात मोटर परत येईल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

नंदेसरी_शिफ्ट
१४६ चा हिशेब कधी केलाच नव्हता. आता परत आलेल्या मोटरचं सांगा. रिवाइंड झालेल्या महिन्याभरात पुन्हा तापतात.

मेगर५००
सर्वात आधी विचारा, जुनी तार काढली कशी. गॅसच्या ज्योतीने जाळून काढली असेल तर स्टॅम्पिंगमधलं (कोअरच्या पातळ पत्र्यांमधलं) इन्सुलेशन जळतं, कोअरमध्ये एडी करंट (लोखंडातच फिरून उष्णता करणारा करंट) वाढतो आणि वाइंडिंग कितीही चांगली केली तरी मोटर तापते. तापमान नियंत्रित भट्टीतच काढायला हवी, सुमारे ३६० अंशांच्या आत. म्हणून प्रत्येक मोटर नवी असतानाचा नो-लोड करंट (भार नसताना घेतलेला) लिहून ठेवा. तो वाढून परत आला तर मोटर घेऊ नका.

टर्न (वेढे), तारेचं गेज (जाडी), पिच (कॉइलची रुंदी), कनेक्शन हे उकलण्याआधी वर्कशॉपकडून लेखी घ्या. बाजारात नेमकं गेज नसलं की जवळचं भरलं जातं. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) एक मिनिट लावा. ५ मेगाओहम ही किमान मर्यादा, ताज्या कोरड्या वाइंडिंगला शेकड्यांत यायला हवं.

एंडशील्ड (मोटरच्या टोकाचं झाकण, बेअरिंग त्यात बसतं) उघडून बघा. ६३०९ बेअरिंगची सीट १०० मिमी. बाहेरची रेस (बेअरिंगची कडी) फिरलेली असली की तिथे चकचकीत पट्टा पडतो आणि काही कारीगर सेंटर पंचाचे टिपके मारून ती ‘घट्ट’ करतात. चार दिवसांत टिपके दबतात, रेस पुन्हा फिरते. स्लीव्ह (सीटमध्ये बसवायचं नवं नळकांडं) घालूनच दुरुस्ती मान्य करा.

खिडकी_दोन
रॅक कॉम्प्रेसरच्या भिंतीला लावू नका. न फिरता पडून असलेल्या मोटरच्या बेअरिंगवर कंपनाने खळगे पडतात. महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने सव्वा फेरा फिरवा, पूर्ण फेरा नको, नाहीतर गोळ्या पुन्हा त्याच जागी येतात. आणि पावसाळ्यात पडून राहिलेल्या मोटरला बसवण्याआधी पुन्हा मेगर लावा, टॅगवरचा जानेवारीचा आकडा धरू नका.