'आणून सोडले' की 'परतले'?

प्रश्न : अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या लांडग्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. लांडगे पुन्हा आणावेत का यावर २०२० साली तिथे सार्वमत झालं, जेमतेम ५१ टक्के लोकांनी होकार दिला आणि डिसेंबर २०२३मध्ये ओरेगॉनमधून पकडलेले लांडगे रॉकी पर्वताच्या पश्चिम उताराकडे सोडले. याला मी 'पुनर्वसन' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'पुनर्प्रवेश' केलं. मला दोन्ही खटकतात.

उत्तर : खटकायलाच हवेत. 'पुनर्वसन' म्हटलं की मराठी माणसाला कोयना आठवते, धरणग्रस्त आठवतात. माणसं तीच, जागा नवी. इथे नेमकं उलट आहे : जागा जुनी, लांडगे नवे. कोलोरॅडोतले मूळचे लांडगे १९४०च्या दशकातच मारून संपवले होते. 'पुनर्प्रवेश' तर शाळेच्या दाखल्यावरचा शब्द वाटतो, शिवाय तो चुकीचा बनलाय. क, ख, प, फ, स अशा कठोर व्यंजनांपुढे विसर्ग राहतो : पुनःप्रवेश, पुनःप्रसारण. पुनर्जन्म, पुनर्वसन यांत पुढचं व्यंजन मृदू आहे म्हणून तिथे र. सरकारी योजनेबद्दल लिहिताना 'पुनःस्थापना' घ्या.

पण सगळा लेख त्या एका शब्दावर रेटू नका. वाक्य कुणाच्या तोंडचं आहे ते बघा. तिथला गुरं पाळणारा माणूस 'पुनःस्थापना' म्हणणार नाही, तो 'आणून सोडले' म्हणेल. जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की लोक म्हणतात ना, 'फॉरेस्टवाल्यांनी आणून सोडलेत'? त्या 'आणून'मध्ये तक्रार आहे : आम्हाला कुणी विचारलं? कोलोरॅडोत ती तक्रार खरीच आहे. होकाराची मतं मुख्यतः डेन्व्हरच्या बाजूच्या शहरांतून आली, लांडगे मात्र पर्वतापलीकडच्या कुरणांजवळ सोडले. लांडग्यांच्या बाजूचे लोक 'परतले' म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्यात हेलिकॉप्टरमधून मारलेलं भुलीचं इंजेक्शन आणि विमानातला पिंजरा कुठेच दिसत नाही. लेखात दोन्ही शब्द ज्याचे त्याच्या तोंडी ठेवा.

प्रश्न : आणि रँचरला काय म्हणू? शेतकरी, गुराखी, धनगर?

उत्तर : गुराखी दुसऱ्याची गुरं राखतो आणि धनगराचा वाडा फिरता असतो. रँचर शेकडो गुरांचा मालक असतो, मांसासाठी गुरं वाढवतो आणि उन्हाळ्यात ती बऱ्याचदा सरकारी कुरणांवर परवान्याने चारतो. 'पशुपालक' चालेल. मी पहिल्यांदा 'रँचवाले पशुपालक' लिहीन, पुढे नुसतं 'पशुपालक'.

वासरू मेल्यावर जी तपासणी होते तिला बेधडक 'पंचनामा' म्हणा. अधिकारी येतो, कातडं सोलून बघतो. दातांच्या खुणांखाली रक्त साकळलेलं असेल तर वासरू जिवंत असताना चावा बसला, नसेल तर मेलेलं खाल्लं. भरपाई यावर ठरते, एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत.

आणखी एक : 'शिकारी' शब्द जपून वापरा. मराठीत लांडगाही शिकारी आणि बंदूकवालाही शिकारी. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणले. तिथल्या उत्तरेकडच्या कळपातली एल्क हरणं सुमारे १९ हजारांवरून २०१३च्या मोजणीत चार हजारांखाली आली. अस्वलं, दुष्काळ आणि माणसांनी केलेली शिकार यांचाही त्यात हात होता, पण एल्क मारणाऱ्या बंदूकवाल्यांचा राग निघाला लांडग्यांवर. अशा मजकुरात 'शिकाऱ्यांचा शिकाऱ्यांवर राग' झालं तर वाचणारा गोंधळेल. माणसाला 'परवानाधारक शिकारी' म्हणा, लांडग्याला लांडगाच राहू द्या.

आणखी एक : आमचं घर मेंढरांचं. लांडग्यानं कोकरू नेलं की आजोबा कुत्र्यांना शिव्या घालायचे, राखणीला झोपलेल्या पोराला घालायचे, लांडग्यालाही घालायचे. सरकारला कधी घातल्या नाहीत, कारण आमचा लांडगा कुणी आणलेला नव्हता. 'आणून सोडला' हे शब्द आमच्याकडे लांडग्याबद्दल मी ऐकलेच नाहीत. तुमच्या लेखातल्या भांडणाचं मूळ मला त्या 'आणून'मध्येच दिसतं, म्हणून तो शब्द काहीही झालं तरी गाळू नका.

प्रश्नकर्ती : 'आणून' ठेवते. शीर्षकातच घेते.