बाईला पाठदुखी, मळमळ, दम: गॅस की हार्ट अटॅक?

आशाताई, यवतमाळ जिल्हा
पुरुषाच्या छातीत कळ आली की लगेच गाडी काढतात. बाईला घाम, मळमळ, पाठदुखी झाली तर सोडा-लिंबू देऊन निजवतात. कापूस वेचणीच्या दिवसांत थकव्याचं कारण तयारच असतं. अशा वेळी कोणाला लगेच पाठवायचं? ईसीजी नॉर्मल आला तर घरी आणायचं का?

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र
ताई, बायांनाही बहुतेक वेळा छातीतच त्रास होतो. पण त्या 'दुखतंय' म्हणत नाहीत, 'दाटल्यासारखं होतंय' म्हणतात. तेव्हा दाब, जळजळ, आवळणं, चालल्यावर लागणारा दम हे एकेक करून विचारा. जबडा, पाठ, खांदा दुखणं आणि मळमळ पुरुषांपेक्षा बायांत जास्त दिसते. 15 मिनिटांहून जास्त टिकलं तर 108 लावा. अॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 108 वरच्या डॉक्टरांना विचारून अॅस्पिरिन 300 मिलिग्रॅम चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) बीपी मोजल्याशिवाय नको. वरचं बीपी 90 च्या खाली असेल तर धोका होतो.

पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी व्हावा. लाजेपायी लीड (ईसीजीच्या छातीवर लावायच्या तारा) ब्लाउजवरून किंवा स्तनाच्या वर चिकटवतात आणि पट्टी चुकते. पडदा लावा, स्तन उचलून व्ही-4 ही लीड त्याच्या खाली, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत लावा. एका नॉर्मल ईसीजीवर घरी सोडू नका. त्रास चालू असेल तर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढा आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) आल्याबरोबर व 3 तासांनी करा.

हृदयरोग विभाग, नागपूर
मधुमेह असला की पाळी चालू असताना हृदयविकारापासून मिळणारं संरक्षण बरंचसं जातं, हे लक्षात ठेवा. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, पाळी चाळिशीआधी गेली का, हेही विचारा. हे प्रश्न कोणी विचारतच नाही.

अँजिओग्राफीत (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीत) 'नळ्या मोकळ्या' आल्या म्हणून गोळ्या बंद करू नका. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार त्यात दिसत नाही आणि तो बायांत जास्त असतो. तरुण बाईला, विशेषतः बाळंतपणानंतर, अटॅक आला तर धमनीची आतली भिंत फाटली असू शकते. तिथे स्टेंट घाईनं टाकत नाहीत.

स्टाफ नर्स, ग्रामीण रुग्णालय
गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन 12 तासांपर्यंत देता येतं, पण पहिल्या 3 तासांत फायदा सर्वात जास्त. अशा काही इंजेक्शनांचा डोस वजनावर असतो आणि बायांत रक्तस्राव जास्त होतो, म्हणून अंदाजानं नाही, काट्यावर वजन घ्या. तंबाखूचं सासूसमोर नका विचारू, बाई खर्रा-गुडाखू लपवते. एकटी असताना विचारा.

आशाताई, यवतमाळ जिल्हा
बरं. सोमवारच्या बैठकीत ब्लाउज-लीडचं आधी सांगते.