अनुभव हवेत: ऑफिसात तुमचं कौतुक झालं, ते आत पोचलं का?

धागाकर्ती
मी अंधेरीला एका कंपनीत एचआरमधे आहे. वरून सांगितलंय दिवाळीच्या आत 'रेकग्निशन प्रोग्रॅम' बसवा, आणि तेव्हापासून रोज एक वेंडर येऊन पॉइंट्स, बॅज, लीडरबोर्ड (कुणाचे पॉइंट्स जास्त त्याची यादी) असलं काय काय दाखवून जातोय. डेमोत सगळं भारी वाटतं पण याने खरंच कुणाला बरं वाटतं का अशी शंका येतेय. तर कधी कुणी तुमचं कौतुक केलं आणि ते पोचलं, किंवा उलट डोकंच फिरलं, दोन्ही लिहा. कंपनीचं नाव नको. आणि फक्त आयटीवाल्यांनीच लिहू नका प्लीज.

पवईकर
आयटीवालाच आहे, सॉरी. आमच्याकडे असलं पोर्टल आहे. दर महिन्याला कुणीतरी 'स्टार' होतो, मेल येतो, नाव सोडलं तर मजकूर तोच. माझा नंबर लागला तेव्हा मी ज्या प्रोजेक्टवर कधी नव्हतोच त्याचं नाव होतं त्यात. खाली टाळ्यांच्या इमोज्या पडल्या, मीपण थँक्यू लिहिलं, काय करणार.
याउलट आधीच्या कंपनीत एक बग होता, फक्त महिन्याच्या एक तारखेला पेमेंट अडकायचं, बाकी दिवस सगळं सुरळीत. मी तो शोधून काढला. लीडने क्लायंटला मेल केला त्यात मला सीसीत ठेवून लिहिलं की याने कुठले लॉग बघितले, टाइमझोनचा घोळ आहे हे कशावरून ओळखलं. चारच ओळी होत्या, पण वाचताना कळत होतं की या माणसाने माझं काम बसून बघितलंय. अप्रायझलला मी तोच मेल उघडून ठेवला समोर.

नाईटवाली सिस्टर
स्टाफ नर्स आहे, हॉस्पिटल सांगत नाही. ३ मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून मुंबईतल्या हॉस्पिटलांवर फुलं टाकली होती, आठवतंय ना? खोटं कशाला बोलू, रडू आलं होतं तेव्हा. पण त्याच आठवड्यात आम्ही ड्यूटी संपल्यावर घरी जायला बस कुठून मिळेल ते शोधत होतो, त्यामुळे फुलांचं काय ते तुम्हीच ठरवा. दरवर्षी १२ मेला नर्सेस डेचा केक कापतात सकाळी अकराला, म्हणजे रात्रपाळीच्या बायका घरी जाऊन झोपलेल्या असताना.
मला लक्षात राहिल्यात त्या आमच्या तेव्हाच्या इनचार्ज सिस्टर. त्यांनी ड्यूटी चार्ट लावला तर माझे गौरी-गणपतीचे दिवस ऑफ, मी मागितलेच नव्हते. विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, गेल्या वर्षी हिने दुसरीच्या बाळंतपणासाठी गणपतीत नाईट केल्या, यंदा ही गावाला जाणार, कुणाला प्रॉब्लेम आहे? कुणाला नव्हता.

घाटकोपर पूर्व
सिस्टर +१. माझी आई रायगडमधे आशा सेविका. २०२२ ला डब्ल्यूएचओने देशभरातल्या आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार दिला, गावात सगळे म्हणाले तुझं नाव जगात झालं. ती म्हणाली हो, पण कागदावर मी अजून स्वयंसेविकाच, मिळतं ते मानधन, पगार नाही.

लालबाग
तेच सांगायला आलो, आधी पैशाचं बोला. माझे वडील गिरणीत होते. १९८१ च्या दिवाळीला बोनसवरून तापलं ते १८ जानेवारी १९८२ ला संपापर्यंत गेलं, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुढचं मुंबईत कुणाला सांगायला नको. आता तसल्याच एका गिरणीच्या जागी काचेची बिल्डिंग आहे आणि तिथे मी नोकरी करतो, भिंतीवर लिहिलंय आपण सगळे एक फॅमिली. आणि फॅमिली फोटोत हाउसकीपिंगची पोरं नसतात, कारण ती कंत्राटदाराची. किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच द्यावा लागतो, तो द्यायचा आणि वर स्टेजवरून भाषण ठोकायचं, याला मी कौतुक म्हणत नाही, देणं आहे ते.

मशीद बंदर
लालबागकर, पैसा हवाच, पण देण्याची पद्धत पण असते हो. आमच्या पेढीवर मोठे शेठ चोपडापूजनाला एकेकाला बोलवून स्वतःच्या हाताने पाकीट द्यायचे आणि एक तरी प्रश्न असा विचारायचे की वाटायचं याला सगळं ठाऊक आहे. मला एकदा म्हणाले, ते नाशिकवाल्याचं उधार तू न भांडता वसूल केलंस ना, कसं केलंस सांग. आता धाकटे शेठ सरळ खात्यात टाकतात, आणि रक्कम जास्त आहे, हेही सांगतो. मेसेज येतो बँकेचा.

मोटरमनची मुलगी
बाबा लोकल चालवायचे. रिटायरमेंटच्या दिवशी केबिनला झेंडूच्या माळा, प्लॅटफॉर्मवर स्टाफ, ढोल, आम्ही सगळे नवीन कपड्यात, व्हिडिओ आहेत घरी. पण बाबांना विचाराल तर ते दसऱ्याचं सांगतील. दसऱ्याला रोजचे ग्रुपवाले डबा सजवतात, पूजा करतात आणि पुढे येऊन मोटरमनला हार-नारळ देतात. त्यातला एकजण एका वर्षी म्हणाला, जुलैत कुर्ल्याच्या पाण्यातून गाडी एवढी सावकाश काढलीत, आम्ही आत शिव्या घालत होतो, नंतर कळलं पुढे रूळ दिसतच नव्हते. बाबांना ते इतकं आवडलं की पाहुणे आले की हीच गोष्ट.
अजून एक. जानेवारी २०२२ पासून रेल्वेने गार्डचं पद 'ट्रेन मॅनेजर' केलं, काम तेच, पगार तोच. बाबांचे एक गार्ड मित्र जाम खूश, म्हणाले मुलीच्या स्थळाला सांगायला बरं पडतं, लोक आधी वॉचमन समजायचे. दुसरे म्हणाले, मला चहा प्यायला पाच मिनिटं द्या, नाव काहीही ठेवा. दोघंही बरोबर वाटतात मला.

मागच्या रांगेतला
मला स्टेजवर बोलवू नका एवढंच सांगायला आलोय. एकदा टाउनहॉलमधे, म्हणजे सगळ्या ऑफिसच्या मीटिंगमधे, अचानक नाव पुकारलं, माइक हातात दिला, अर्धा दिवस छातीत धडधडत होतं. आमच्या आत्ताच्या मॅनेजर ताई जॉइन झाल्यावर प्रत्येकाला विचारून बसल्या, चांगलं काम झालं तर सगळ्यांसमोर सांगू, मेल करू, की सुट्टी टाकून देऊ? मी म्हटलं वरच्या साहेबांना मेल करा आणि मला त्याबद्दल काही बोलू नका.

धागाकर्ती
मागच्या रांगेतले, हे तोंडी विचारलं की फॉर्म भरून घेतला? आमच्याकडे साडेतीनशे माणसं आहेत. आणि लालबागकर, हाउसकीपिंगचा मुद्दा उचलला आहे, पण वेंडरला विचारलं तर म्हणतो कंत्राटी लोकांचं लॉगिन एक्स्ट्रा चार्जेबल.

मागच्या रांगेतला
तोंडीच. टीम बारा जणांची आहे. साडेतीनशेला एचआरने कशाला विचारायचं, ज्याची टीम त्याने विचारावं ना.

लालबाग
एक्स्ट्रा चार्जेबल! बजेटमधून लीडरबोर्ड काढा आणि त्यांचं लॉगिन घाला.